शब्बाथची मोटार

शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत, म्हणजे शब्बाथच्या काळात, ज्यू धर्मशास्त्राने काम वर्ज्य मानले आहे. काम कशाला म्हणायचे, हे मिश्ना या प्राचीन ग्रंथाने ३९ प्रकारांत सांगितले. नांगरणे, पेरणे, विणणे, लिहिणे यांच्याबरोबर अग्नी पेटवणे हाही त्यातला एक प्रकार. पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर चालते, म्हणून मोटार चालवणे म्हणजे अग्नी पेटवणेच, असा ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बींचा निर्वाळा आहे. जनावरावर स्वार होण्याला तर मोटारीच्या कितीतरी आधीपासून मनाई होती. चाबकासाठी झाडाची फांदी मोडली जाईल, ही तिच्यामागची धास्ती. पायी चालण्याला मात्र गावाच्या हद्दीत बंधन नाही. हद्दीबाहेर २,००० हात, म्हणजे सुमारे एक किलोमीटर, एवढी मुभा आहे. कोणाचा जीव वाचवायचा असेल तर हे नियम बाजूला ठेवून गाडी काढावी, असेही शास्त्रच सांगते.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते याच विश्रांतीमुळे. शनिवारी त्यांचे तेलाचे घाणे बंद असत. घाणा बंद ठेवायला एका कुटुंबाचा निश्चय पुरतो. मोटार बंद ठेवायला तो पुरत नाही. सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ, आईवडील, मुलांचे सवंगडी, सणाला जेवायला बोलावणारे घर, हे सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात असावे लागते, आणि ते कोणा एकट्याच्या हातात नसते. महानगरात मोटारीवाचून जगता येते का, हा प्रश्न म्हणूनच व्यक्तीच्या संयमाइतकाच वस्तीच्या रचनेचाही आहे. ज्यू परंपरेने हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवून पाहिले, एकदा नियम धरून आणि एकदा नियम सैल करून.

नियम धरणाऱ्यांची वस्ती कशी असते, हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बरो पार्कसारख्या मोहल्ल्यांत दिसते. तिथे सिनेगॉग थोड्याथोड्या अंतरावर आहेत आणि शाळा, कोशर दुकाने त्यांच्या आसपास. शनिवारी घराबाहेर रस्त्यावर वस्तू वाहून नेण्यालाही मनाई असल्यामुळे अनेक शहरांत खांब आणि तारा यांची एक सीमा आखून आतला सारा भाग एका अंगणासारखा मानण्याची सोय केली जाते. तिला एरुव म्हणतात. या सीमेत बाबागाडी ढकलता येते, त्यामुळे लहान मुलांच्या आयांना घरात अडकून पडावे लागत नाही. मॅनहॅटनमधल्या एरुवची तार कुठे तुटली तर नाही ना, हे दर आठवड्याला शब्बाथच्या आधी तपासले जाते. या रचनेची किंमतही आहे. सिनेगॉगजवळची घरे महाग होतात, ज्याला चालवत नाही तो वृद्ध घरीच राहतो, आणि सारे जग चालण्याच्या टप्प्यात आले की बाहेरचा माणूस परका वाटू लागण्याचा धोका असतो. असे असूनही ज्या पिढ्यांत बाकीची अमेरिका मोटारीभोवती नव्याने बांधली गेली, त्याच पिढ्यांत या मोहल्ल्यांनी शेजार टिकवून ठेवला, ही गोष्ट लहान नाही.

बाकीच्या अमेरिकेचे चित्र वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग आयलंडवरील लेविटाऊनसारखी उपनगरे १९४७पासून भराभर उभी राहिली. स्वतंत्र घर, पुढे हिरवळ, आणि कुठेही जायचे तर गाडी. शहरातल्या दाट वस्त्या सोडून असंख्य ज्यू कुटुंबे अशा उपनगरांत गेली, आणि सिनेगॉग मैलोगणती लांब पडले. १९५० साली ज्यू धर्मातल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने बहुमताने एक निर्णय दिला: चालत जाण्याजोग्या अंतरावर सिनेगॉग नसेल, तर शनिवारी प्रार्थनेसाठी मोटारीने जाण्यात शब्बाथचा भंग नाही. एरवी गाडी न काढणे हेच विश्रांतीला पोषक, असेही समितीने म्हटले होते. परवानगी होती ती प्रार्थनेच्या वाटेपुरती.

या निर्णयामागे खरी कळकळ होती. दूर राहणारे कुटुंब आज सिनेगॉगला आले नाही, तर उद्या त्याची मुले परंपरेलाच मुकतील, ही भीती निराधार नव्हती. चूक दुसरीकडे होती. समितीने अंतर हे डोंगर-नदीसारखे निसर्गाने दिलेले मानले. वास्तविक ते अंतर मोटारीनेच निर्माण केले होते आणि मोटारीची मुभा मिळाल्यावर ते वाढतच जाणार होते. सदस्य गाडीने येणार असतील तर सिनेगॉग कुठेही बांधता येते आणि सदस्यांना कुठेही राहता येते. प्रार्थना संपली की प्रत्येक जण आपापल्या दिशेला पांगतो. दुपारी मित्राकडे जायचे तर परवानगी नाही आणि चालत जाण्याजोगे कोणी जवळ नाही, अशा कुटुंबापुढे एकटेपणा किंवा नियमभंग एवढेच उरते. याच पंथाच्या न्यूयॉर्कमधील प्रमुख धर्मविद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले इस्मार शोर्श यांनी पुढे हा निर्णय चुकला, असे उघडपणे म्हटले.

निर्णयानंतरच्याच वर्षी, १९५१ साली, त्याच विद्यापीठात शिकवणारे अब्राहम जोशुआ हेशेल यांचे शब्बाथवरचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की, आधुनिक माणूस अवकाश जिंकण्यासाठी काळ खर्च करतो, आणि शब्बाथ त्याला काळातच वस्ती करायला शिकवतो. मोटार हे अवकाश जिंकण्याचे यंत्र. त्या यंत्रावाचून प्रार्थनेलाही पोचता येत नसेल, तर विश्रांतीचा दिवसही त्या यंत्राच्याच हाती गेला, असे हेशेल यांच्या विचारावरून म्हणता येते.

कॅथलिक धर्मगुरू राहिलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७०च्या दशकात हीच गोष्ट हिशेबाने मांडली. गाडीत घालवलेला वेळ आणि गाडीच्या खर्चासाठी राबण्यात गेलेला वेळ मिळून एक सामान्य अमेरिकन पुरुष वर्षाला १,६०० तासांहून अधिक वेळ तिच्यापायी देतो आणि सुमारे १२,००० किलोमीटर जातो, असे त्यांचे गणित होते. म्हणजे ताशी आठ किलोमीटरहूनही कमी, भरभर चालणाऱ्या माणसाच्या थोडेसेच पुढे. गणितातल्या आकड्यांवर वाद होऊ शकतो. इलिच यांचा मूळ मुद्दा मात्र त्याहून खोल आहे. गाडी पायांशी स्पर्धा करत नाही, ती पायांना निरुपयोगी करून टाकते. गाडी घेण्याचे स्वातंत्र्य सर्वांनी वापरले की गाडी न घेण्याचे स्वातंत्र्य कोणालाच उरत नाही. कोणी अडवत नाही एवढ्यालाच स्वातंत्र्य म्हणणाऱ्या विचाराला हा तोटा दिसतच नाही, कारण इथे अडवणारा माणूस नसतो. रस्त्याची रुंदी आणि घरांमधले अंतर अडवते.

धर्माज्ञा राज्याच्या हाती गेल्यावर काय होते, ते इस्रायलमध्ये पाहायला मिळते. तिथे हैफासारखे अपवाद सोडले तर बहुतेक शहरांत शब्बाथला सार्वजनिक बस धावत नाहीत, खासगी गाड्यांवर मात्र सर्वसाधारण बंदी नाही. परिणाम उलटाच. आठवड्याच्या एकमेव पूर्ण सुटीला समुद्रावर किंवा आजीआजोबांकडे जायचे, तर स्वतःची गाडी हवी. एका मोहल्ल्याला मोटारमुक्त ठेवणारी आज्ञा दुसऱ्या मोहल्ल्याला मोटार विकत घ्यायला लावते, आणि ज्याला ती परवडत नाही त्याचा शनिवार घरात जातो.

उत्तर जेरुसलेममधला बार-इलान हा वर्दळीचा रस्ता धर्मनिष्ठ वस्तीतून जातो. शब्बाथच्या प्रार्थनेच्या वेळी तो बंद ठेवावा, यावरून १९९०च्या दशकात मोठा संघर्ष झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने रस्ता बंद करण्याचा सरकारी आदेश रद्द केला. धार्मिक भावनेसाठी प्रवासाला थोडा वळसा घालायला लावणे तत्त्वतः गैर नाही, पण त्याच वस्तीतल्या निधर्मी रहिवाशांची सोय पाहिली गेली नव्हती, हे त्यामागचे कारण. निकाल न्याय्य होता.

योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी तेल अवीवचे महामार्गही रिकामे होतात. गाडी चालवू नये असा कायदा नाही, तरी निधर्मी माणसेही ती काढत नाहीत. मुले सायकली घेऊन रस्त्यावर उतरतात, आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचे प्रमाण झपाट्याने घसरल्याचे मोजमापात दिसते. हा दिवस वर्षातून एकदाच येतो, म्हणून कोणाला घर बदलावे लागत नाही. उरलेल्या शनिवारांचे उत्तर तेल अवीव आणि शेजारच्या काही नगरपालिकांनी २०१९च्या नोव्हेंबरात शोधले: शब्बाथला मोफत बस सुरू केली. धर्मनिष्ठांनी तिला विरोध केला. पण जी कुटुंबे केवळ शनिवारसाठी गाडी बाळगत होती, त्यांना ती न बाळगण्याची मुभा मिळाली ती या बसमुळे.