सनद आणि निष्ठा

माणसाची निष्ठा एकाच भूमीला वाहिलेली असावी, अशी अपेक्षा राज्यसंस्था बाळगते, आणि तिच्या दृष्टीने ती रास्तही असते. परंतु ज्याच्यावर जन्मऋण एका देशाचे आणि विद्याऋण दुसऱ्याचे, त्याने काय करावे, याचा उलगडा कोणत्याही सरकारी दफ्तरात होत नाही.

युको कावागुची ही जपानी युवती १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधील बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे या रशियन जोडीचे फिगर स्केटिंग पाहून इतकी भारावली, की त्यांच्या गुरू तमारा मॉस्क्विना यांचे शिष्यत्व तिने आग्रहाने मागून घेतले. प्रारंभी मार्कुंत्सोव्ह हा रशियन तरुण तिच्यासह जपानच्या निशाणाखाली उतरला आणि २००१ मध्ये त्यांनी जागतिक कुमार स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. त्या वेळी त्याच्या इमानाविषयी जपानने काही शंका घेतल्याचे स्मरत नाही. पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे अलेक्झांडर स्मिर्नोव्ह तिचा जोडीदार झाला. जागतिक स्पर्धेस जोडीतील एकाचे नागरिकत्व पुरते, ऑलिंपिकला मात्र दोघांचेही लागते. आणि स्वेच्छेने परकी नागरिकत्व घेणाऱ्याचे मूळ नागरिकत्व जपानचा कायदा संपुष्टात आणतो. तिने रशियाची सनद पत्करली, आणि जन्मभूमीच्या दफ्तरातील नागरिक म्हणून असलेली तिची नोंद मिटली.

हा पदकासाठी केलेला सौदा होता, असे म्हणणाऱ्यांनी त्याचा जमाखर्चही पाहावा. १९६४ पासून सलग बारा ऑलिंपिकांत सोव्हिएत संघाने आणि त्याच्या वारसांनी राखलेले जोडी-स्पर्धेतील सुवर्णपदक २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे निसटले, आणि ही जोडी चौथी आली. २०१४ चे ऑलिंपिक रशियाच्याच सोची नगरीत भरले, तेव्हा स्मिर्नोव्हच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे दोघांनाही त्यात उतरता आले नाही. जिच्यासाठी नागरिकत्व बदलले, ती स्पर्धा दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी गेली.

सौदागर असता, तर येथेच हिशेब मिटवून निघून गेला असता. कावागुची मात्र त्याच गुरूपाशी, त्याच जोडीदारासह पुन्हा अभ्यासास लागली, आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम येथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, युरोपीय अजिंक्यपद तिने दुसऱ्यांदा जिंकले.

सनद देणे हा राज्याचा अधिकार आहे, आणि ती देताना पदकावर नजर ठेवणे हा त्याचा व्यवहार. निष्ठा मात्र त्या कागदाने उत्पन्न होत नाही आणि तो परत केल्याने नष्टही होत नाही. म्हणून देशांतर करणाऱ्याचा न्याय करताना त्याने काय सोडले एवढ्यावरच न थांबता, ज्यासाठी सोडले ते हातचे गेल्यावर तो कोठे उभा राहिला, हे विचारावे.