वस्त्राचा धनी

गेल्या माघातील गोष्ट. आमच्या आप्तांपैकी एकाचे लग्न देवस्थानच्या अग्रशाळेत झाले. वधूची मावसबहीण जपानात क्योतो येथे दोन वर्षे शिकून नुकतीच परतली होती. सायंकाळच्या स्वागतसमारंभास ती किमोनो परिधान करून आली. फिक्या राखी रंगाचे रेशीम, घोळाकडे पाइनच्या फांद्यांची रंगवलेली नक्षी, कमरेस रुंद जरीचा पट्टा. किमोनो वापरलेला होता, ही गोष्ट तिने लपविली नाही. क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेस, कोबो दाइशी या आचार्यांच्या स्मरणार्थ, जो बाजार भरतो, तेथून तिने तो घेतला होता.

यावर दोन बाजूंनी आक्षेप निघाले, आणि मौज अशी की दोन्ही बाजूंचे एकमेकांशी एरव्ही कधीच पटत नाही. कुटुंबातील वृद्ध मावशींचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले वस्त्र, आणि तेही कोण जाणे जिवंताचे की मृताचे, शुभकार्यात घालू नये. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका चुलतभावाचे म्हणणे असे की, परक्या समाजाची परंपरा शोभेसाठी अंगावर चढविणे हा एक प्रकारचा अपहारच होय. एकाने शास्त्र काढले, दुसऱ्याने न्याय. निर्णय मात्र एकच: घालू नये. मग दोघेही आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही वकील आहात, तुम्हीच सांगा." त्या वेळी आम्ही पंगतीचे निमित्त करून सुटलो. परंतु प्रश्न सुटला नव्हता.

मावशींच्या म्हणण्यास आधार नाही असे नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे, वस्त्र, यज्ञोपवीत, अलंकार, माळ आणि कमंडलू धारण करू नये, असे सांगितलेच आहे. तथापि आजीचा शालू नात लग्नात नेसते तेव्हा मावशींच्याच डोळ्यांत पाणी येते. देवीच्या अंगावरची साडी पावणीत चढ्या बोलीने घेऊन आपल्या स्त्रिया मोठ्या भक्तीने नेसतात. हे आम्ही मागाहून मावशींच्या निदर्शनास आणले, तेव्हा त्या म्हणाल्या, "शालू घरचा, आणि साडी हा प्रसाद." आम्हांस हे उत्तर फार मोलाचे वाटले. म्हणजे दोष वापरण्यात नाही. ज्याने वापरले त्याच्याशी आपले काही नाते आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. एका ठिकाणी नाते रक्ताचे, दुसऱ्या ठिकाणी कृपेचे. आता प्रश्न एवढाच उरतो की, क्योतोच्या बाजारात ज्या अनोळखी स्त्रीचे वस्त्र मिळाले, तिच्याशी या मुलीचे नाते कशाने जुळावे?

येथे किमोनो हे काय प्रकरण आहे ते पाहिले पाहिजे. शब्दाचा अर्थ नुसता 'अंगावर घालावयाची वस्तू' एवढाच. सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटरच्या आसपास लांब अशा एकाच ताग्यातून तो निघतो, आणि सारे काप सरळ. दोन पट्ट्या अंगाच्या, दोन बाह्यांच्या, दोन पुढच्या पाख्याच्या, राहिलेल्या गळ्याच्या. वळणदार काप नसल्यामुळे चिंधी वाया जात नाही. जादा कापड कापून न टाकता शिवणीत दुमडून ठेवतात, म्हणजे पुढे कोणा रुंद अंगाच्या व्यक्तीसाठी ते सैल करता येते. स्त्रियांच्या किमोनोची जास्त लांबी कमरेशी घडी घालून पट्ट्याखाली बसवितात. म्हणून जुना किमोनो निवडताना उंचीपेक्षा मानेपासून मनगटापर्यंतचे माप आधी पाहावे लागते, कारण ताग्याच्या रुंदीपलीकडे बाही वाढवायची कोठून?

याहून विलक्षण रीत धुण्याची. रेशमी किमोनो पूर्वी पुरता उसवीत. पट्ट्या टोकाला टोक जोडून पुन्हा लांबलचक ताग्यासारख्या करीत, धूत, खळ देऊन बांबूच्या बारीक काड्यांनी ताणून वाळवीत आणि नव्याने शिवीत. शिवताना विटलेला भाग आत वळवता येई, रंग पुन्हा देता येई. आईचा मुलीस, मुलीचा लहान लेकरास, आणि अगदी झिजला म्हणजे फाडून त्याच्या चिंध्यांचे जाड कापड विणीत. आपल्याकडच्या गोधडीची ही जपानातील बहीण. माणूस गेल्यावर त्याचे किमोनो आप्तेष्टांत आठवण म्हणून वाटून देण्याचीही तेथे चाल आहे.

विधिमहाविद्यालयात आम्हांस स्वामित्वाची व्याख्या शिकविली होती ती अशी: वस्तू वापरण्याचा, तिचे फळ घेण्याचा आणि वाटल्यास तिचा नाश करण्याचा अधिकार. जे वस्त्र उसवून पुढच्या अंगासाठी पुन्हा शिवता यावे असेच मुळात बेतलेले आहे, त्याला ही व्याख्या लावू गेले की ती तोकडी पडते. त्यातील शेवटचा अधिकार शिंप्यानेच काढून घेतला आहे असे वाटते. अशा वस्त्राचा धनी हा देवस्थानच्या विश्वस्तासारखा: आज किल्ल्या त्याच्या हाती, उद्या दुसऱ्याच्या.

चुलतभावाचा मुद्दा निराळा, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याने दाखला दिला तो बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचा. क्लोद मोने याने १८७६ मध्ये आपल्या पत्नीचे लाल किमोनोतील चित्र काढले; २०१५ मध्ये त्या संग्रहालयाने तशाच वस्त्राची प्रतिकृती प्रेक्षकांना अंगावर घालून छायाचित्र काढण्यासाठी ठेवली. निषेध झाला. काही जपानी माणसे उलट निषेधकर्त्यांच्याच विरोधात उभी राहिली. किमोनो जितका घातला जाईल तितका विणकर जगेल, असे त्यांना वाटे. अखेर घालणे बंद झाले, स्पर्शापुरती परवानगी उरली. दुसरे प्रकरण २०१९ चे. किम कार्दाशियन या अमेरिकन प्रसिद्ध स्त्रीने आपल्या अंतर्वस्त्रांच्या व्यापाराला 'किमोनो' हेच नाव देऊन त्याच्या नोंदणीचे अर्ज केले. क्योतोचे तत्कालीन महापौर दाइसाकु कादोकावा यांनी तिला जाहीर पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली, आणि थोड्याच दिवसांत तिने नाव बदलण्याचे जाहीर केले. वकील म्हणून हे सांगितले पाहिजे की, नोंदणी झाली असती तरी कोणास किमोनो घालण्याची बंदी होणार नव्हती. तरीही महापौरांचे म्हणणे आम्हांस रास्त वाटते. ज्या शब्दात साऱ्यांचा वाटा आहे त्याला आपल्या दुकानाचे कुंपण घालणे, हा अपहार आमच्या समजुतीत बसतो.

बोस्टनचे तसे नाही. अमेरिकेतील कित्येक जपानी कुळांच्या आज्यांनी १९४२ नंतर छावण्यांत दिवस काढले. ज्यांना आपलेच कपडे घालून रस्त्यातून जाताना हसू सोसावे लागले, त्यांना परक्याने तेच घालून टाळ्या घेतलेल्या खुपणार. ते दुःख खरे आहे. परंतु ते त्या देशाच्या इतिहासाचे आहे, वस्त्राच्या धाग्यात विणलेले नाही. आमच्या अग्रशाळेत ते जसेच्या तसे आणता येणार नाही. वस्त्रे आणि त्यांची नावे फार फिरस्ती असतात. किमोनोच्या आत घालावयाच्या झग्याला जपानी लोक 'जुबान' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज, आणि त्याच्या मुळाशी अरबी 'जुब्बा', जो आपल्याकडेही आहे. बटणाला ते 'बोतान' म्हणतात आणि आपण कोंकणीत 'बुतांव' म्हणतो. दोन्ही घरी एकच पोर्तुगीज पाहुणा उतरला. गोव्याहून मकावमार्गे नागासाकीस जाणाऱ्या गलबतांनी काय काय वाहून नेले, याचा हिशेब कोण मागणार?

मग कोणीही काहीही घालावे काय? आमचे मत तसे नाही. मुलीशी आम्ही सावकाश बोललो. ती म्हणाली की, पहिल्यांदा तिने घाईत उजवी बाजू डावीवर गुंडाळली, तेव्हा घरमालकीणबाई एकदम गंभीर झाल्या. जिवंत माणसाने डावी बाजू वर घ्यावयाची. तशी राजाज्ञा इ. स. ७१९ मध्येच निघाली होती. उलटी घडी प्रेताला नेसवितात. हे ऐकून आम्हांस चटकन आपले अपसव्य आठवले. पितृकार्यात जानवे ज्या खांद्यावर जाते त्या खांद्यावर ते घेऊन कोणी मुंजीच्या पंगतीत बसला तर आपल्या पोटात जसे होईल, तसेच त्या बाईंच्या झाले असणार. त्यानंतर कित्येक संध्याकाळी त्यांनी तिला पट्टा बांधावयास शिकविले. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, भर उन्हाळ्यात विरळ विणीचा, हा क्रम सांगितला. बाजारात एक किमोनो अधिक देखणा मिळत होता. परंतु त्यावर कोणा घराण्याची मुद्रा होती, म्हणून तो मुलीने सोडला. माघ महिना असल्याने अस्तराचाच घातला पाहिजे, असा तिचा आग्रह. आणि आमच्या हवेत ती त्या दिवशी घामाने निथळत होती. ही निष्ठा आम्हांस थोडी अनाठायीही वाटली. क्योतोचा माघ तो क्योतोचा.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या १२७ व्या कलमात सभार दानाची तरतूद आहे. एकाच दानात अनेक वस्तू दिल्या आणि त्यांपैकी एकीवर बोजा असला, तर घेणाऱ्याने ते दान बोज्यासह संपूर्ण घ्यावे. नाहीतर त्याला त्यातले काहीच मिळत नाही. किमोनो तिने विकत घेतला, तेव्हा हे कलम येथे लागत नाही हे आम्ही जाणतो. परंतु बाजारात पैसे पडले ते रेशमाचे. तो कसा घालावा हे ज्ञान तिला फुकट मिळाले, म्हणजे ते दानच. आणि त्यावर बोजा होता. तो तिने उचलला. मावशींनी ज्याला नाते म्हटले ते आम्हांस येथे सापडते.

हा निकाल आम्ही दोघांनाही कळविला. चुलतभावाने अपील करण्याचा हक्क राखून ठेवला आहे. मावशींनी ऐकून घेतले आणि विचारले, "घामाचे वस्त्र तिने तसेच पेटीत तर टाकले नाही ना?" तसे केले नव्हते, एक रात्र सावलीत वाऱ्यावर टांगून, शिवणींवरून घड्या घालून, तिकडून आणलेल्या कागदात ते गुंडाळले होते. जपानात यासाठी पाउलोनिया लाकडाची पेटी असते. ती येथे कोठली! मावशी म्हणाल्या, आमच्या पावसाळ्यात कागदाने भागणार नाही, रेशमाला बुरशी येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या शालूच्या पेटीतला धुतलेला मलमलीचा तुकडा काढून मुलीकडे पाठविला, आणि आश्विनात कोरडे ऊन पडले की दोन्ही वस्त्रे एकदमच वाऱ्यावर घालू, असा निरोप दिला. शुभकार्यात मात्र ते घालू नये, हे त्यांचे मत अद्याप कायम आहे.