उंदीर, कोळंबी व आपली किळस

भातकापणी झाली म्हणजे रायगड, ठाणे या भागांतील कातकरी लोक शेताच्या बांधांवर उंदरांची बिळे खणावयास जातात. बिळात उंदीर सापडतो, तसाच त्याने साठविलेला भातही सापडतो. एका खणण्यात धान्य व कालवण दोन्ही घरी येतात.

अशा घरी एखादा प्रचारक बंधू गेला आणि ते ताट त्याच्यापुढे आले, तर त्याने काय करावे? न खाणे हे पाप नव्हे. परंतु त्याने तोंड फिरविले, तर ती घरधनीण काय समजेल?

किळस जन्मतःच आपल्या अंगी असते असे आपण मानितो. वस्तुतः तिचा बराच भाग आईच्या मांडीवर शिकलेला असतो. कोकणातील आपले लोक कोळंबी व चिंबोरी आवडीने खातात. पण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे खवले नसलेले हे जलचर यहूदी मनुष्यास ओंगळ होत. पेत्राला यापो येथे पशूंचा दृष्टांत झाला, तेव्हा तो बुचकळ्यात पडला. पुढे कर्नेल्याच्या उंबऱ्याशी गेल्यावर त्यास कळले की, प्रश्न पशूंचा नसून माणसांचा होता.

कातकऱ्यांतही सोन व ढोर असे दोन भेद सांगितले आहेत. ढोर कातकरी गाईबैलांचे मांस खात, म्हणून सोन कातकरी त्यांस हलके लेखीत. ज्यास सारा गाव हिणवितो, तोही हिणविण्यास कोणी तरी शोधितो! आणि आपण? "आम्ही आता तसले काही खात नाही," हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडी केवढ्या तोऱ्याने येते!

मेलेली गुरे ओढणे हे महारांच्या माथी मारलेले गावकीचे काम होते, आणि भुकेपायी ते मांस खाल्लेही जाई. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्यास सांगितले. ते सोडणे स्वाभिमानाचे होते, आणि त्याविषयी मला मोठा आदर वाटतो. परंतु त्याच परिषदेचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांस मारहाण झाली, आणि तळे बाटले म्हणून शेण व गोमूत्र घालून ते शुद्ध करण्यात आले. पाणी पिणाऱ्याच्या ताटात काय असते, हे तेथे कोणी विचारिले नाही. तेव्हा किळस मांसाची होती, हे म्हणणे टिकत नाही.

करिंथच्या मंडळीस पौलाने लिहिले की, आपल्या खाण्याने दुर्बळ भावास अडखळण होत असेल, तर आपण मांस सोडू. हा उपदेश आपण नेहमी 'सोडा' एवढाच ऐकितो. पण पौलाची दृष्टी ताटावर नसून भावावर आहे. कातकऱ्याच्या घरी दुखावला जाणारा भाऊ कोण?

पोटास सोसत नसेल, किंवा शेतात उंदरांसाठी विष टाकल्याची शंका असेल, तर तसे सरळ सांगावे आणि तिच्या हातची भाकर मागून घ्यावी. पाणीही तिच्याच मडक्यातले प्यावे. आपली बाटली पिशवीतच राहू द्यावी.