पुन्हा सांगाल का?

आपण कमावलेल्या ताकदीमागे पुष्कळदा एखादी जुनी भीती उभी असते. गरिबीचे चटके सोसलेला माणूस गरज संपली तरी पैसा साठवत राहतो. वर्गात हसं झालेली मुलगी हट्टाला पेटून पहिला नंबर काढते. शरीरसौष्ठवपटू आणि नट लू फेरिग्नोने तशाच भीतीपोटी शरीर कमावलं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1951 साली जन्मलेल्या लूचे कान अगदी लहानपणीच संसर्गाने निकामी होत गेले. तीन-चतुर्थांशाहून अधिक श्रवणशक्ती गेली आणि घरच्यांच्या ते लक्षात येईपर्यंत तो तीन वर्षांचा झाला होता. नीट ऐकूच येत नसल्यामुळे बोलणंही अडखळायचं. ‘बहिरा लुई’ म्हणून मुलं त्याला चिडवायची. अशा पोराला पडद्यावरचा स्टीव्ह रीव्हजचा हर्क्युलिस आणि चित्रकथांमधला हिरवा, महाकाय हल्क भुरळ घालणारच. त्यांच्या वाटेला जायची कुणाची हिंमत नव्हती. तेराव्या वर्षी लूने व्यायाम सुरू केला. वजनं विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून झाडूचा दांडा आणि सिमेंट भरलेल्या बादल्या यांवर त्याने भागवलं.

पुढे पत्र्याच्या कारखान्यात नोकरी करता करता सहा फूट पाच इंचांचा हा तरुण 1973 आणि 1974 अशी सलग दोन वर्षं ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाला. 1975च्या ‘मिस्टर ऑलिम्पिया’साठी तो दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला गेला. ‘पम्पिंग आयर्न’ या माहितीपटात ती स्पर्धा टिपली आहे. त्यातला एक प्रसंग पाहावा असा आहे. स्पर्धेच्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्याचा प्रतिस्पर्धी अर्नोल्ड श्वार्झनेगर लूच्या कुटुंबासमोर बसून हसत हसत सांगतो की, मी जिंकल्याचं आईला फोनवर कळवूनसुद्धा टाकलंय. लू नुसता हसतो. एवढा धिप्पाड देह, पण आतला मुलगा क्षणात बावरलेला दिसतो. त्या दिवशी तो हरला. दंड, छाती, मांड्या यांत काही कमी नव्हतं. धीर मात्र सिमेंटच्या बादल्या उचलून येत नाही.

मग 1977 साली ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. हल्कच्या भूमिकेसाठी आधी रिचर्ड कील या उंचापुऱ्या नटाला घेऊन चित्रीकरणही सुरू झालं होतं, पण हवं तसं पिळदार शरीर त्याच्याकडे नव्हतं. ती भूमिका लूकडे आली. हल्कला संवाद नव्हते. अंगभर हिरवा रंग लावून, नुसत्या डोळ्यांनी आणि देहबोलीने राग, गोंधळ, करुणा दाखवायची होती. लोक आपल्याला घाबरतात, आपलं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि आपल्याला ते सांगताही येत नाही, हे हल्कचं दुःख. ते लूला कुणी शिकवायची गरज नव्हती. आयुष्यभर जे लपवलं, तेच इथे त्याच्या कामी आलं. शरीराने त्याला ही भूमिका मिळवून दिली. ती जिवंत केली त्याच्या जखमेने.

तरीही आवाजाचं कोडं सुटलेलं नव्हतं. मालिकेतल्या हल्कच्या डरकाळ्या दुसऱ्या नटांच्या होत्या. 1983मध्ये लू स्वतः हर्क्युलिस झाला, बालपणीचं स्वप्न पुरं झालं, पण तिथेही त्याचे संवाद दुसऱ्याच्याच आवाजात ऐकू आले. लूने मात्र काम सोडलं नाही. पंचवीस वर्षांनी, 2008 साली ‘द इन्क्रेडिबल हल्क’ हा चित्रपट आला. या वेळी हल्कचा देह संगणकावर घडवलेला होता आणि आवाज होता लू फेरिग्नोचा.

मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र याहून साधी वाटते. 2021 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल जाहीरपणे बोलला. या उपचारात ध्वनीचे विद्युत संकेत थेट श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवले जातात. नंतर ते आवाज ओळखायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं. जगाने ज्याला बलदंडपणाचं प्रतीक मानलं, त्या माणसाने मला मदत हवी आहे, असं उघड कबूल केलं. तेरा वर्षांच्या लूला हे जमलं नसतं.

आपल्या घरांतही पाहा. चष्मा लागला तर आपण हौसेने फ्रेम निवडतो. कानाचं मशीन मात्र कपाटात पडून राहतं. आजोबांना लग्नकार्यात चारचौघांत ते लावायला संकोच वाटतो. मग कुणी काय म्हटलं ते न कळताच ते मान डोलावतात, आणि हळूहळू गप्पांतून बाहेर पडतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला वर्गात फळ्याजवळ बसवलं, तर मुलं चिडवतील म्हणून आईवडील गप्प राहतात. उणिवेने जेवढं नुकसान होतं, त्याहून अधिक ती झाकण्याच्या धडपडीत होतं.

म्हणून आज एवढं करावं. कुणाला ऐकू आलं नसेल तर न वैतागता, त्याच्याकडे तोंड करून, तेच वाक्य पुन्हा बोलावं. आणि आपल्याला स्वतःला काही ऐकू आलं नसेल, समजलं नसेल, तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नये. ‘पुन्हा सांगाल का?’ असं सरळ विचारावं. त्याला लागणारं बळ कुठल्याही व्यायामशाळेत मिळत नाही. ते अशा एकेका प्रश्नानेच वाढतं.