यज्ञ आणि देवघेव

वाटाण्याचे वा सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटून त्याच्या मुळांवरील एखादी गाठ नखाने फोडली, तर आत जी रक्तासारखी तांबूस छटा दिसते, ती ज्या द्रव्याची असते ते आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्याच कुळातले आहे, हे कळल्यावर वनस्पती आणि प्राणी यांच्यामध्ये आपण आखलेल्या सीमेविषयी मन साशंक होते. कडधान्याने जमिनीचा कस वाढतो, हे आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता व म्हणूनच हरभऱ्याचा बेवड चांगला मानीत आला. परंतु त्या कसाचे कर्ते गाठींत वसणारे जीवाणू होत, हे हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात सप्रमाण सिद्ध केले. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असूनही त्यातील कणभरही वनस्पतीला स्वबळावर घेता येत नाही. जीवाणू ते तिला पचेल अशा रूपात आणून देतो, आणि ती त्याला सूर्यप्रकाशात निर्मिलेले अन्न पुरविते, शिवाय त्याच्या कार्याला घातक ठरणारा मोकळा प्राणवायू त्या तांबड्या द्रव्याच्या योगे आवरून, श्वसनापुरताच त्याच्यापर्यंत पोहोचविते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देव आणि मानव यांच्या अशाच परस्परपोषणाला यज्ञ म्हटले आहे, आणि जो घेतो पण परत देत नाही त्याला चोर ठरविले आहे. मग मुळांच्या या गाठीत यज्ञच चालला आहे, असे म्हणावे काय? म्हणण्याचा मोह अनावर आहे, कारण वाटाण्याच्या गाठीत नत्र बांधणारा जीवाणू फुगून असा पालटतो की पुन्हा विभागून वंश वाढविण्याची शक्तीच तो गमावतो. गाठ कुजल्यावर मातीत परततात ते त्याचे न पालटलेले भाऊबंद. आत्माहुतीचे याहून पूर्ण उदाहरण कोणते द्यावे?

तरीही मला हे समीकरण मान्य होत नाही, आणि त्याचे कारण एका प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतील नत्र जवळजवळ सर्व काढून त्याजागी अरगॉन हा निष्क्रिय वायू भरला होता. आतले जीवाणू तेच, त्यांची पात्रता तीच. केवळ बांधायला नत्र उरले नाही. परिणाम असा झाला की त्या गाठींतील जीवाणूंची संख्या इतर गाठींच्या मानाने पुष्कळच कमी वाढली आणि वनस्पतीने त्यांची प्राणवायूची रसद आवळल्याच्या खुणाही आढळल्या. कसूर कोणाची, याची चौकशी झाली नाही. होणे शक्यही नव्हते, कारण मुळाला फळ कळते, हेतू कळत नाही. लबाडीने न देणारा आणि देण्यास असमर्थ झालेला, हे दोघेही तेथे एकाच जमाखर्चात बुडीत खाती मांडले जातात.

मनुष्याच्या व्यवहारात हाच न्याय लावावा, असे म्हणणारे लोक आज थोडे नाहीत. म्हातारा, रोगी, मतिमंद, ज्याच्या हातून समाजाला काही परत येण्याची आशा नाही, अशा माणसाचा घास हा तोटा समजणारी ही बुद्धी स्वतःला निसर्गानुसारी म्हणविते; आणि निसर्गाचा दाखला तिला खरोखरच मिळतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तो दाखला नाकारून नव्हे, तर धर्माचा आधार त्याच्याबाहेर शोधूनच तिला उत्तर देता येईल. ज्या परंपरेने न देणाऱ्याला चोर म्हटले, त्याच परंपरेने गृहस्थाला रोजच्या वैश्वदेवात कुत्रे, कावळे, किडेमुंग्या आणि दुर्धर रोगाने पीडलेली माणसे यांच्यासाठी अन्नाचा भाग भुईवर काढून ठेवण्यास सांगितले. त्या मुंगीकडून कोणते नत्र परत येणार होते? माझ्या मते यज्ञाचे खरे मर्म या भुईवर ठेवलेल्या भागात आहे, आणि देवघेवीचे सारे सुरेख नियम जाणणाऱ्या सोयाबीनच्या मुळाला तो भाग कधी काढता आलेला नाही.