जुन्या शाळासोबत्यांच्या मेळाव्यास जावे काय?

साठी उलटलेल्या आपल्या पुष्कळ बंधुभगिनींस अलीकडे एक विशेष प्रकारचे निमंत्रण येऊ लागले आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका शाळेत शिकलेले लोक एकमेकांचे फोन नंबर शोधून काढतात, दिवस नेमतात, हयात असलेल्या गुरुजींस शाल व श्रीफळ देतात आणि जुन्या बाकांवर बसून, एकत्र जेवून परततात. अशा मेळाव्यास ख्रिस्ती मनुष्याने जावे की न जावे? ज्यास सवड असेल व भाड्यास पैसे असतील त्याने जावे, इतकेच उत्तर प्रथमदर्शनी पुरेसे वाटते. परंतु निमंत्रण हाती येताच मनात जे विचार उठतात, त्यांची नीट झडती घेतली तर हा प्रश्न अंतःकरणात बराच खोल जातो.

न जाणारा पेरणीचे किंवा गुडघेदुखीचे निमित्त सांगतो. ते कधी खरेही असते. परंतु पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. एक सोबती मोठा अधिकारी होऊन निवृत्त झाला, दुसऱ्याचा मुलगा परदेशी गेला, आणि आपण मात्र चार एकर कोरडवाहू जमिनीवर आयुष्य काढले. तेथे जाऊन काय सांगावे? उलटपक्षी, जो मोठ्या हौसेने निघतो त्यानेही आपण सोबत्यांस भेटावयास जात आहो की आपली मोटार त्यांस दाखवावयास, हे स्वतःस विचारावे. दोघांचा रोग एकच आहे. एकाचा अभिमान मिरवतो, दुसऱ्याचा लपतो.

येथे नामीचे उदाहरण बोधप्रद आहे. दुष्काळामुळे ती पती व दोन पुत्र यांसह मोआबात गेली आणि सुमारे दहा वर्षांनी, तिघांसही तेथेच पुरून, बेथलेहेमास परतली. सारे गाव गलबलले. हीच का ती, असे बायका विचारू लागल्या. नामीने तोंड लपविले नाही. आपण भरलेली गेलो व रिकामी आलो, हे तिने वेशीतच सांगितले. मात्र एक चूक तिच्याकडून झाली. ती स्वतःस रिकामी म्हणत होती, त्याच क्षणी रूथ तिच्या शेजारी उभी होती. आपले आयुष्य दुसऱ्याच्या मापाने मोजू लागलो म्हणजे देवाने आपल्या शेजारी कोणास उभे केले आहे, हे आपणांसही असेच दिसेनासे होते.

हे सर्व मला ठाऊक असूनही असे निमंत्रण आले तेव्हा मी चार दिवस उत्तर दिले नाही. प्रथम मीही गुडघ्यास दोष दिला. मग गरिबीच्या लाजेस दिला. खरे कारण शेवटी सापडले, ते येथे सांगतो.

सन १९७२ च्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातील एका बोर्डिंगात होतो. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर आम्हांस मिळे. आमच्या खोलीतील एक मुलगा रोज आपली अर्धी भाकर पत्र्याच्या पेटीत लपवून ठेवी व वाळलेले ते तुकडे शनिवारी घरी नेई. त्याचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडीत होते व घरी धाकटी बहीण होती. एके दिवशी केवळ गंमत म्हणून मी ती पेटी सर्वांसमोर उघडली. सारी खोली हसली. तो त्या शनिवारी गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे तोही खडी फोडू लागला, असे कानी आले.

मेळाव्याची निमंत्रणे शालान्त परीक्षेस बसलेल्यांच्या यादीवरून गेली होती. त्या यादीत त्याचे नाव नव्हते. ते नसण्यास दुष्काळ कारण होता, आणि मीही होतो.

तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, ही प्रभूची आज्ञा मी पुष्कळ वेळा इतरांस समजावून सांगितली होती. यावेळी मी एस. टी. ने त्याच्या गावी गेलो. ते हसणे त्यास आठवत होते. परंतु पेटी उघडली गेली तेव्हा तो खोलीत नव्हता, आणि ती कोणी उघडली हे त्यास तोवर ठाऊक नव्हते. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आज कशापायी सांगतोस? तुझं वझं हलकं व्हावं म्हणून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्षमेचा शब्द त्याने उच्चारला नाही. मात्र सुनेस चहा ठेवावयास सांगितला, आणि ज्या बहिणीसाठी तो भाकर नेई तिला आता नातवंडे आहेत, एवढे मला सांगितले. मेळाव्यास यावयास तो राजी झाला नाही. मी गेलो, व त्याची हकीकत तेथे सर्वांसमोर सांगितली.

यावरून माझ्या मनाचा निश्चय असा झाला आहे. तेथे आपण कसे दिसू, हा प्रश्न विचारूच नये. आपण कोणाचे देणे लागतो, हे विचारावे. गुरुजनांचे आभार राहिले असतील तर ते जिवंत आहेत तोच जावे. अपराध राहिला असेल तर मेळाव्याची वाट न पाहता त्या मनुष्याच्या दारी जावे. परंतु ज्यास त्या शाळेत जातीवरून अगर गरिबीवरून दुखविले गेले, त्यावर कोणी जाण्याची सक्ती करू नये. स्वतः प्रभू नासरेथास गेला. गावकऱ्यांनी त्यास कड्यावरून लोटावयास नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून आपल्या वाटेने गेला. क्षमा करणे आणि हार घालून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी असा मेळावा भरणार असेल तर एक विनंती आहे. नावे परीक्षेच्या यादीवरून काढू देऊ नका. शाळेचे जनरल रजिस्टर मागून घ्या. चौथीत, सातवीत, सुगीत, दुष्काळात, लग्न लागल्यामुळे जी मुले-मुली गळाली, त्यांची नावे त्यातच सापडतील. मेंढपाळ आपला कळप शंभरावरून मोजतो, नव्याण्णवावरून नव्हे.