थांबण्याचा निरोप

भाजी चिरताना बोट कापलं की आपण हळद दाबतो आणि कामाला लागतो. काही दिवसांत खपली धरते, गळून पडते, मागे राहिलाच तर एखादा पुसट वण. हे सारं इतकं बिनबोभाट होतं की त्यामागे केवढी आज्ञा-निरोपांची देवघेव चालली असेल, याचा विचार मनात येत नाही.

रक्तातल्या बिंबिका जखमेचं तोंड बंद करतात आणि त्याच वेळी टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतात. हा निरोप फायब्रोब्लास्ट पेशींच्या बाहेरच्या आवरणावर पोचतो, तिथून स्मॅड प्रथिनं तो थेट केंद्रकापर्यंत नेतात, आणि पेशी कोलॅजेनचे धागे तयार करू लागते. तिच्या अंगात स्नायूसारखे आकसणारे तंतूही येतात, त्या जोरावर ती जखमेच्या कडा जवळ ओढते. जुलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये जखमेत या पेशी दाखवून दिल्या.

मला मात्र खरं नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. जखम मिटली की यातल्या बहुतेक पेशी स्वतःला संपवतात. कामावर बोलावणं जितकं नेमकं, तितकंच कामावरून निघणंही. ते झालं नाही तर भरून काढणारी पेशीच अवयव गिळू लागते. साचलेल्या कोलॅजेनने ऊती ताठर होते; त्या जाळ्यात निष्क्रिय पडून असलेलं टीजीएफ-बीटा पेशींच्या ओढीने सुटं होतं आणि पुन्हा तोच हुकूम देतं. जखम कधीच मिटलेली असली, तरी दुरुस्ती चालूच. यकृताचा सिरोसिस, फुप्फुसांचा फायब्रोसिस यांच्या मुळाशी हीच न थांबलेली दुरुस्ती असते.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण तोंडातलं आहे. १९५३ साली मुंबईचे डॉ. जोशी यांनी टाळूच्या अस्तराखाली तंतू साचण्याच्या या आजाराचं वर्णन केलं. आज तो ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणून ओळखला जातो. गुटखा, मावा, विदर्भातला पन्नीवर घोटलेला खर्रा, सगळ्यांत सुपारी. तिच्यामुळे गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला सतत इजा होत राहते, दाह हटत नाही, तिच्यातलं अरेकोलीन कोलॅजेन वाढवतं, आणि तिच्यातलं तांबं त्या धाग्यांना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देतं. आधी तिखट सोसेनासं होतं. मग गाल पांढुरके, कडक होतात. बोटांनी चाचपलं तर आत उभे पट्टे लागतात. पुढे पाणीपुरीची पुरी तोंडात जात नाही. सुपारी सोडल्यावर आजाराची वाढ थांबू शकते, पण बांधले गेलेले पट्टे सहसा सुटत नाहीत, आणि काहींच्या बाबतीत त्याच जागी कर्करोग होतो.

आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पुड्या मिळतात, आणि गोड सुपारी तर आपणच हौसेने पोरांच्या हातावर ठेवतो. ते आता बंद व्हायला हवं. शाळेच्या आरोग्य तपासणीत दातांची कीड पाहतात, तेव्हाच मुलाला तोंड उघडायला लावून त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का, एवढं पाहून घ्यावं. त्याला खर्च नाही, यंत्र नाही, आणि मिनिटभरही लागत नाही.